वर्गणीनें पुरा झालेला चित्रपट

वर्गणीचें पावतीपुस्तक घेऊन दारांत उभा राहिलेला मनुष्य मराठी घराला नवा नाहीं. गणेशोत्सव, वाचनालय, तालीमखाना, दुष्काळनिवारण, कोणत्या ना कोणत्या निमित्तानें तो वर्षांतून चार वेळां येतो. घरधनी थोडी कुरकुर करून ऐपतीप्रमाणें कांहीं देतो, पावती तारेला अडकवून ठेवतो आणि विसरून जातो. या सवयीच्या जोरावर महाराष्ट्रांत मोठमोठीं कामें झालीं आहेत. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशीं वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभारला, लोकमान्य टिळकांनीं त्यास आपलें वजन दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव येथें त्याच पैशांतून कांचेचा कारखाना सुरू झाला. एका पैशाची कांच होत नाहीं हें देणाऱ्यालाही ठाऊक होतें. कारखाना उभा राहिल्यावर त्यांत आपलाही एक पैसा आहे, असें म्हणण्याचा अधिकार मात्र त्याला मिळाला.

हल्लीं ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ती हीच जुनी लोकवर्गणी होय. पावतीपुस्तकाच्या जागीं इंटरनेटवरचें एक पान आलें, डब्याच्या जागीं बँकेचें खातें आलें, आणि मागणारा दारांत उभा न राहतां हजार कोसांवरून मागूं लागला, एवढाच काय तो फरक. मात्र या वर्गणीनें चित्रपट, त्यांतही माहितीपट, पुरा करावयाचा म्हटला म्हणजे एक अडचण उभी राहते. ती देऊळ किंवा शाळा बांधतांना येत नाहीं. कळस न चढलेलें देऊळ सावली देतें. छप्पर अर्धें झालेल्या शाळेंतही एखादा वर्ग बसतो. अर्धवट राहिलेला चित्रपट कोणाच्याच उपयोगाचा नसतो. त्याचें सारें चित्रण एखाद्या कपाटांत पडून राहतें, आणि त्यांत काय आहे हें खुद्द करणाऱ्यावांचून कोणास ठाऊक नसतें. म्हणून चित्रपटाच्या वर्गणींत पहिल्या रुपयापेक्षां शेवटच्या रुपयाची किंमत अधिक. पुणें जिल्ह्यांतील एका माहितीपटाच्या उदाहरणानें ही गोष्ट चांगली समजते.

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटर गेलें म्हणजे भीमेच्या कांठीं शिरूर तालुक्यांतील कोरेगांव लागतें, आणि तेथून थोडें आंत वळलें कीं वढू बुद्रुक. वढूस छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. १६८९ सालीं औरंगजेबाच्या आज्ञेनें त्यांचा वध झाला, आणि त्यांच्या देहावरील अंत्यसंस्कार येथें झाले असें परंपरा सांगते. त्याच गांवांत गोविंद गोपाळ यांचीही समाधि आहे. महार समाजांतील या पुरुषानें, जिवाची पर्वा न करितां, महाराजांचे अंत्यसंस्कार केले अशी आठवण एक परंपरा जपते. गांवांतील दुसरी परंपरा तो मान दुसऱ्या घराण्याकडे देते. दोन्ही आठवणी शेजारीं शेजारीं नांदत आल्या, आणि कधीं कधीं त्यांचें पटलें नाहीं.

कोरेगांवच्या अलीकडे, नदीच्या पुण्याकडील तीरावर, पेरणें गांवच्या हद्दींत एक उंच दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवांत कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील कंपनी सरकारची सुमारें आठशें माणसांची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचें तिच्याहून कितीतरी मोठें सैन्य यांची दिवसभर झुंज झाली. त्या झुंजीचें स्मारक म्हणून कंपनीनें पुढें हा स्तंभ उभारला व आपल्या मृत शिपायांचीं नांवें त्यावर कोरलीं. त्या ४९ नांवांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. तें त्या काळीं महार समाजांतील पुरुषांच्या नांवाला जोडलेलें असे. कंपनीनें दगड बसविला तो स्वतःच्या फुशारकीसाठीं. परंतु नांवें वाचणारा बदलला म्हणजे दगडाचा अर्थ बदलतो. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें आले. पुढें या दिवशीं येथें येण्याचा परिपाठ पडला. आज हा समुदाय लाखांनीं मोजतात. निळीं निशाणें, पुस्तकांचीं दुकानें, शाहिरांचे जलसे, समता सैनिक दलाचें संचलन, महार रेजिमेंटचे निवृत्त जवान, अंगाखांद्यावर मुलें घेऊन आलेल्या बाया, असें हें दृश्य असतें. लढाईचा निकाल कोणाच्या बाजूनें लागला, तींत लढणारे कोणत्या हेतूनें लढले, यावर इतिहासाचे अभ्यासक वाद घालतात आणि त्यांनीं तो घालावा. स्तंभापुढें हात जोडणाऱ्या म्हातारीला त्या वादाशीं कर्तव्य नसतें. दगडावर आपल्या माणसांचीं नांवें आहेत, हें तिला पुरें होतें.

या मेळ्याचा आणि त्यामागील आठवणीचा माहितीपट सोमनाथ वाघमारे यांनीं केला. वाघमारे हे सांगली जिल्ह्यांतले, शिक्षणासाठीं पुण्यास आलेले. चित्रपटाचें नांव ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव : ॲन अनएंडिंग जर्नी’, म्हणजे न संपणारा प्रवास. तो लोकवर्गणींतून झाला आणि २०१७ सालीं पुरा झाला. हें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तें कां, तें ओघानें येईलच.

माहितीपटास पैसा कोण देतो, हा प्रश्न आपल्याकडे चित्रपटाइतकाच जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती १८९९ सालीं टिपली, आणि रँग्लर परांजपे १९०१ सालीं विलायतेहून परतले तेव्हां त्यांच्या स्वागताचेंही चित्रण केलें. त्यांचें स्वतःचें छायाचित्रणाचें दुकान होतें. हौस त्यावर भागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजन निघाली. पुढें कित्येक वर्षें सिनेमागृहांत मुख्य चित्रपटाच्या आधीं तिचा वार्तापट किंवा अनुबोधपट दाखविणें बंधनकारक होतें, आणि धरण, लसटोंचणी, भाताची लागवड असे विषय शहरांतल्या प्रेक्षकानें शेंगदाणे खातां खातां पाहिले. त्यांत कांहीं फार सुंदर चित्रपट होते. परंतु सरकार जो चित्रपट काढतें त्याचा विषयही सरकारच ठरवितें. २०२२ सालीं ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आली. उरले कारखानदार, दूरचित्रवाणी आणि परोपकारी संस्था. त्यांपैकीं प्रत्येकाची आपापली गरज असते. गांवोगांवच्या गरीब माणसांचा एका दगडाशीं जडलेला संबंध ही कोणाच्याच हिशेबांत बसणारी गोष्ट नव्हे. ती ज्यांची आहे त्यांनींच पैसा घालावा, हा मार्ग मग आपोआप पुढें येतो.

आंबेडकरी चळवळींत हा मार्ग जुनाच आहे, आणि त्याची कठिणताही जुनीच. १९२० सालीं ‘मूकनायक’ निघालें तेव्हां राजर्षि शाहू महाराजांनीं २,५०० रुपयांचें साहाय्य केलें. तें उदार होतें आणि वेळेवर होतें. तरीही १९२३ सालीं पत्र बंद पडलें. चालविणारे हात आणि पैसा दोन्ही अपुरे पडले. एका मोठ्या देणगीनें कार्यास आरंभ होतो. तें चालूं ठेवण्यास लहान लहान देणग्यांचा झरा लागतो, आणि हा झरा आटूं न देणें हें स्वतंत्रच काम आहे.

लोकांकडे मागावयाचें तर आधीं त्यांना कांहीं दाखवावें लागतें. हें मर्म दादासाहेब फाळक्यांस पहिल्याप्रथम उमगलें. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हां त्यांच्याजवळ चित्रपटाची कल्पना होती, यंत्र होतें, विद्या होती, पैसा नव्हता. त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीचीं चित्रें थोड्या थोड्या अवकाशानें घेत राहिले. पडद्यावर तो दाणा भराभर फुटला, वेल वर चढली. हा ‘अंकुराची वाढ’ नांवाचा इवलासा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनीं कर्ज दिलें. सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लागला. तेव्हां भारतीय चित्रपटासाठीं पैसा उभा केला तो एका माहितीपटानें, असें म्हटलें तर तें खोटें होणार नाहीं. आजचा दिग्दर्शक वर्गणी मागतांना दोन-तीन मिनिटांची झलक पुढें ठेवतो. ती झलक म्हणजे फाळक्यांच्या वाटाण्याचीच नात.

वर्गणीचे प्रकार तीन. पहिला निव्वळ देणगीचा: पैसे दिले, नांव पडद्यावर आलें, विषय संपला. दुसरा आगाऊ खरेदीचा: आज पैसे द्यावे, चित्रपट तयार झाल्यावर त्याची प्रत किंवा प्रवेशिका मिळावी. तिसरा भागीदारीचा, परंतु इंटरनेटवरून सर्वसामान्य लोकांना अशा रीतीनें भाग विकण्यास भारतांत कायद्याची मोकळीक नाहीं, आणि माहितीपटास नफा तो किती होणार, म्हणून तो सोडून दिलेला बरा. परदेशांतून देणगी घ्यावयाची तर त्यासाठीं निराळा व कडक कायदा आहे. नवख्या माणसानें त्याची चौकशी आधीं करावी, पैसे आल्यावर नव्हे. अमेरिकेंत २००९ सालीं निघालेल्या ‘किकस्टार्टर’ या संस्थेनें एक शिस्त घातली: ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतींत जमली तरच ती घ्यावयाची, नाहीं तर कोणाचाही पैसा खात्यांतून काढावयाचा नाहीं. नियम निष्ठुर दिसतो. पण त्यामागें अनुभव आहे. अर्ध्या पैशांत अर्धा चित्रपट करून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही बुडविण्यापेक्षां मुळींच न करणें चांगलें, हा तो अनुभव. आपल्याकडे बहुतेक जण जमेल तेवढें घेतात आणि उरलेल्यासाठीं पुन्हां हात पुढें करितात. दुसऱ्यांदां मागणें पहिल्यापेक्षां फार अवघड असतें. पहिल्या वेळीं लोक कल्पनेला देतात. दुसऱ्या वेळीं ते विचारतात, मागचे काय केले?

मागचे गेले कोठें, हें समजण्यास चित्रपटाचें काम आंतून पाहिलें पाहिजे. चित्रण हा त्यांतला लोकांना दिसणारा भाग. कॅमेरा स्वस्त झाला आहे. तरुण माणूस मित्राचा कॅमेरा मागून आणतो, दोघे-तिघे सोबती घेतो, मिळेल तेथें झोंपतो, मिळेल तें खातो. या टप्प्यांत उत्साहच पुष्कळसा खर्च भागवितो. कोरेगांवासारख्या विषयाची मात्र एक खोड आहे. १ जानेवारी वर्षांतून एकदांच येते. त्या दिवशीं बॅटरी संपली, गर्दीच्या रेट्यांत एखादी मुलाखत हुकली, वाऱ्यानें आवाज खाल्ला, तर तो प्रसंग पुन्हां मिळण्यास बारा महिने थांबावें लागतें. नाटकवाल्या चित्रपटांत नटाला ‘पुन्हां एकदां’ म्हणतां येतें. लाखांच्या मेळ्याला तसें म्हणतां येत नाहीं.

खरा खर्च चित्रण थांबल्यावर सुरू होतो, आणि तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. समजा, पन्नास तासांचें चित्रण झालें आहे. तें एकदां नुसतें पाहावयाचें म्हटलें तरी रोज पांच तासांप्रमाणें दहा दिवस गेले. पाहतां पाहतां नोंदवही लिहावी लागते: कोणत्या दिवशींचें, कोठचें, कोण बोललें, काय बोललें, आवाज कसा आहे. ही वही टाळणाऱ्या दिग्दर्शकास पुढें एका वाक्यासाठीं रात्री जागवाव्या लागतात. मग संकलन. पन्नास तासांतून एक तास ठेवावयाचा म्हणजे एकोणपन्नास तास टाकावयाचे, आणि टाकावयाचें त्यांत एखाद्या आजोबांनीं डोळे पुसत सांगितलेली आठवणही असते. संकलक बाहेरचा असेल तर त्याला महिनेच्या महिने मेहनताना द्यावा लागतो. स्वतः दिग्दर्शकच संकलन करील तर त्यानें त्या काळांत खावें काय, हा प्रश्न राहतो. वर्गणीच्या अंदाजपत्रकांत कॅमेऱ्याचें भाडें व प्रवासखर्च ठळक अक्षरांत लिहितात. दिग्दर्शकाच्या पोटाचें कलम लाजेनें गाळतात. ही लाज चुकीची आहे. पुष्कळ माहितीपट नेमके त्या गाळलेल्या कलमापाशीं अडतात.

आवाजाची कथा त्याहून करुण. मेळ्यांत शंभर ध्वनिवर्धक एकाच वेळीं बोलत असतात. मुलाखत देणारी बाई काय सांगते तें समोर उभें राहून ऐकतांना समजतें, कारण माणसाचा कान निवड करतो. यंत्राचा कान करीत नाहीं. तें सारें स्वच्छ करून, कमीजास्त करून, एका पातळीवर आणणें हें वेगळ्या कारागिराचें काम आहे. पैसा कमी पडला कीं पहिली काटछांट येथें होते. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो. न समजणारा आवाज तो पांच मिनिटांहून अधिक सहन करीत नाहीं.

नंतर भाषांतर. मराठी चित्रपट तमिळ किंवा इंग्रज प्रेक्षकापुढें ठेवावयाचा तर चित्राखालीं इंग्रजी ओळी घालाव्या लागतात. एका वेळीं दोन ओळींहून अधिक घालतां येत नाहींत, आणि त्या वाचून होईपर्यंत बोलणाऱ्याचा चेहराही दिसला पाहिजे. शिरूरकडील माणसाची बोली निराळी, विदर्भांतून आलेल्या पाहुण्याची निराळी. ‘जय भीम’ हा नमस्कारही आहे, ओळखही आहे आणि निश्चयही. त्याचें भाषांतर न करणेंच शहाणपणाचें. स्तंभावरील ‘नाक’ या दोन अक्षरांचा अर्थ परक्याला सांगावयाचा तर त्या दोन ओळींत सारी जातिव्यवस्था कशी बसवावी? येथें भाषांतरकाराला दिलेला पैसा वायां जात नाहीं. शाहिरांचीं गाणीं, जुनीं छायाचित्रें यांची परवानगी, आणि बोललेल्या प्रत्येकाची संमति, हें काम कागदोपत्रीं व कंटाळवाणें आहे. ज्या गांवांत दोन आठवणी एकमेकींस काट देतात तेथें तें केवळ कागदोपत्रीं राहत नाहीं. बोलणारा बोलून घरीं जातो, आणि उद्यां त्याला त्याच गल्लींत राहावयाचें असतें.

शेवटीं प्रमाणपत्र. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणें जाहीर प्रदर्शनास सेन्सॉर मंडळाचें प्रमाणपत्र लागतें. माहितीपटही त्यांतून सुटत नाहीं. इंटरनेटवर ठेवलेल्या चित्रपटास तें लागत नाहीं, म्हणून पुष्कळ जण तोच रस्ता धरतात. खुशबू रांका आणि विनय शुक्ल यांच्या ‘ॲन इनसिग्निफिकंट मॅन’ या अरविंद केजरीवाल यांच्या राजकीय उदयावरील माहितीपटानें लोकवर्गणींत त्या वेळीं विक्रम केला होता. २० हजार डॉलरांची मागणी असतां सुमारें १ लाख २० हजार डॉलर जमले. मग प्रमाणपत्राच्या दारांत तो अडला. चित्रपटांत दिसणाऱ्या बड्या राजकीय व्यक्तींचीं, पंतप्रधानांसुद्धां, ना-हरकत पत्रें आणा, असें सांगण्यांत आलें. निर्माते अपील न्यायाधिकरणाकडे गेले, तेथें त्यांच्या बाजूनें निकाल लागला, आणि १७ नोव्हेंबर २०१७ रोजीं चित्रपट प्रदर्शित झाला. तें न्यायाधिकरण २०२१ सालीं रद्द झालें. आतां अशी तक्रार थेट उच्च न्यायालयांत न्यावी लागते. वकिलाची फी हें कलम लोकवर्गणीच्या कोणत्या झलकींत दाखवावयाचें?

वर्गणीशिवाय स्वतःच्या हिमतीवर माहितीपट पुरा करण्याचा दुसरा मार्ग मुंबईचे आनंद पटवर्धन यांनीं चालून दाखविला आहे. बिहारमधील जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरील त्यांचा पहिला चित्रपट मागून आणलेल्या कॅमेऱ्यांवर आणि मुदत उलटलेल्या फिल्मवर झाला. लहान फिल्मवरचें चित्रण पडद्यावर पाडून तें मोठ्या फिल्मवर पुन्हां टिपलें होतें. आणीबाणींत त्या चित्रपटाची प्रत तुकडे करून परदेशीं पाठवावी लागली व तेथें ती पुन्हां जोडली. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनीं आत्महत्या केली. तेव्हां सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ सालीं पुरा झाला. चौदा वर्षें! त्या चौदा वर्षांनीं चित्रपटास जी खोली आली ती घाईनें आली नसती, हें खरेंच. तरीही चौदा वर्षें तग धरणें सर्वांना साधत नाहीं, आणि प्रत्येक विषय तेवढा वेळ देतोच असेंही नाहीं.

वर्गणीनें आणखी एक गोष्ट होते, ती पैशांत मोजतां येत नाहीं: प्रेक्षक आधींच तयार होतो. याचें मोठें उदाहरण माहितीपटाचें नसून कथापटाचें आहे. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’, ज्याच्या पटकथेंत विजय तेंडुलकरांचा हात होता, गुजरातच्या पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं दरडोई दोन रुपये घालून निर्माण केला. दहा लाख रुपये जमलेच, शिवाय चित्रपट लागल्यावर हे निर्माते गाड्या भरभरून तो पाहावयास आले. अशा वेळीं एक शंकाही मनांत येते. पैसे देणारा पुढें म्हणूं लागला कीं माझा पुढारी यांत अधिक वेळ दिसला पाहिजे, तर? दूध संघाच्या शेतकऱ्यांनीं दिग्दर्शकाला तसें छळल्याचें ऐकिवांत नाहीं. लहान वर्गणीचा हा गुण समजला पाहिजे. एकानें दोन लाख दिले तर तो संकलनाच्या खोलींत खुर्ची मागतो. हजार जणांनीं दोन दोनशें दिले तर कोणालाच ती मागतां येत नाहीं. मात्र हिशेब मागण्याचा हक्क त्या हजारांनाही असतो, आणि किती जमलें, किती खर्चलें, काम कोठवर आलें, हें वेळोवेळीं कळविणें हें दिग्दर्शकाचें कर्तव्य ठरतें.

आतां त्या सालाकडे वळावयाचें. कोरेगांवचा माहितीपट २०१७ सालीं पुरा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरच्या सुमारास, वढू बुद्रुक येथें गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तंटा उसळला. तीन दिवसांनीं, १ जानेवारी २०१८ रोजीं, लढाईस दोनशें वर्षें पुरीं होत असतां, कोरेगांव, सणसवाडी व आसपासच्या रस्त्यांवर दगडफेक व जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीस महाराष्ट्र बंद राहिला. सरकारनें चौकशी आयोग नेमला, खटले झाले, अटका झाल्या. त्या दिवसापासून भीमा-कोरेगांव हें नांव वर्तमानपत्रांत दंगलीचें नांव म्हणून येऊं लागलें. मुंबई-पुण्याच्या कित्येक सुशिक्षित घरांनीं तें प्रथम ऐकलें तें याच अर्थानें. त्यापूर्वीं नव्वद वर्षें तेथें लोक शांतपणें येत-जात होते, हें त्यांच्या कानीं आलेंच नव्हतें. नंतर तेथें जाणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला बंदोबस्त, अडथळे आणि चौकशा यांच्यामधून वाट काढावी लागली, आणि प्रत्येक मुलाखतीवर दंगलीची सावली पडली.

वाघमारे यांच्या चित्रपटावर ती सावली नाहीं. वर्गणीचा शेवटचा हप्ता वर्षभर लांबला असता, संकलन रेंगाळलें असतें, आवाजाचें काम पैशावांचून अडलें असतें, तर त्या चित्रणाचें काय झालें असतें? तें पुरें झालें असतें, परंतु दुसऱ्याच चित्रपटाच्या रूपानें; दंगलीची हकीकत सांगणाऱ्या चित्रपटांतील मागची पार्श्वभूमि म्हणून. वर्गणी देणाऱ्यांना पुढें काय घडणार तें ठाऊक नव्हतें. त्यांनीं आपल्या एका सणाचा चित्रपट व्हावा म्हणून पैसे दिले होते, आणि तो सणाचाच चित्रपट झाला. वाघमारे यांनीं पुढें दादरला ६ डिसेंबरच्या दिवशीं लोटणाऱ्या जनसमुदायावर ‘चैत्यभूमी’ हा माहितीपट केला. तो २०२३ सालीं पुढें आला तेव्हां त्यामागें तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सचें नांव होतें. पहिल्याच्या मागें तसें कोणाचें नांव नव्हतें. होते ते वर्गणीदार. २०१८ च्या पूर्वींचा पेरण्याचा तो मेळा त्यांच्या पैशानें पडद्यावर आला. तें चित्रण आतां कोणालाही, कितीही पैसे खर्चून, पुन्हां करतां येणार नाहीं.